बॅकअप आहे, पण उघडेल का? फॉरमॅट, एन्क्रिप्शन आणि ४८ अंकांची चावी

या भागात आकडे आणि सेटिंग्ज बऱ्याच आल्या, त्यामुळे बोललेलं थोडं नीट करून इथे लिहून ठेवतोय. गाडी चालवताना ऐकलं असेल, तर घरी आल्यावर निवांत वाचा.

आपल्या गोंदियात बॅकअप लागतो कोणाला? राइस मिलच्या टॅलीला, लग्नाचे व्हिडिओ ठेवणाऱ्या स्टुडिओला, आमगाव-तिरोड्याच्या झेरॉक्सवाल्याला. सगळे विचारतात, "सॉफ्टवेअर कोणतं घेऊ जी?" माझ्या मते हा प्रश्न तिसरा. आधीचे दोन सुटले नाहीत, तर महागडं सॉफ्टवेअरही कामाचं नाही.

पहिला प्रश्न : बॅकअप ज्या डिस्कवर जाणार, तिचा फॉरमॅट कोणता?

फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत. फॅट३२ सगळीकडे चालतो, पण त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. बॅकअपची इमेज सहज ५०-१०० जीबीची असते. काही सॉफ्टवेअर तिचे तुकडे करतात, बाकीची एरर देऊन थांबतात. डिस्कवर जागा भरपूर असली तरी "जागा नाही" असा मेसेज आला, तर आधी फॉरमॅट बघा.

एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो, लिनक्समध्येही कर्नल ५.४ पासून (२०१९) त्याचा ड्रायव्हर आहे. पण त्यात जर्नल नाही, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद राहत नाही. कॉपी चालू असताना लाईट गेली, तर गडबड व्हायची शक्यता जास्त. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, ते मी सांगायला नको! शिवाय विंडोजची स्वतःची सिस्टीम इमेज एनटीएफएस डिस्कच मागते. म्हणून फक्त विंडोज वापरत असाल, तर बॅकअपची डिस्क सरळ एनटीएफएस ठेवा. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहीत नाही. मॅकच्या टाइम मशीनसाठी वेगळी डिस्क ठेवा. बिग सरपासून (२०२०) ते नव्या डिस्कवर एपीएफएस वापरतं.

दुसरा प्रश्न : तुमची डिस्क लॉक आहे का?

"आम्ही तर काहीच लॉक केलं नाही" असं बहुतेक जण म्हणतात. इथेच घात होतो. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती २०२४ मध्ये आली. तेव्हापासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सेटअप केला, तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक वेळा आपोआप सुरू होते, होम आवृत्तीतसुद्धा. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, कारण मदरबोर्डवरची टीपीएम चिप कुलूप स्वतःच उघडते. मदरबोर्ड जळला आणि डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की समोर ४८ अंकांची रिकव्हरी की मागणारा पडदा येतो. ती की नसेल, तर दुकानदारच काय, मायक्रोसॉफ्टसुद्धा ती तयार करून देऊ शकत नाही.

आता बॅकअपचं गणित बघा. विंडोज चालू असताना बॅकअप घेतला, तर डिस्क उघडी असते. सॉफ्टवेअर फक्त वापरलेली जागा उचलते, त्यामुळे फाइल लहान होते. पण ती फाइल बिनकुलपाची असते. डिस्क चोरीला गेली तर ग्राहकांचे आधार, पॅन सगळं उघडं. म्हणून सॉफ्टवेअरमध्येच बॅकअपला पासवर्ड द्या.

उलट, पेन ड्राइव्हवरून बूट करून बॅकअप घेतला आणि टूलने कुलूप उघडलं नाही, तर त्याला आत नुसता कचरा दिसतो. रिकामी जागा कोणती ते कळत नाही, डेटा दाबून लहान होत नाही. ५०० जीबीच्या डिस्कमध्ये १०० जीबीच माल असला, तरी इमेज ५०० जीबीच्या आसपास होते. आणि ती परत वापरायला कीही लागतेच. तेव्हा टूल घेताना एकच विचारा : "हे बिटलॉकरची डिस्क उघडतं का?"

आजच करायची कामं :

१. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा.
२. चालू असेल, तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून रिकव्हरी की काढून कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करणं म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीतच ठेवणं. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर सेटअप करून दिला असेल, तर की त्याच्या अकाउंटमध्ये गेलेली असू शकते. आजच विचारून घ्या.
३. बॅकअपमधून एक फोल्डर दुसऱ्या मशीनवर परत काढून बघा. टॅलीची कंपनी उघडली, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला, तरच तो बॅकअप.
४. पूर्ण इमेज नव्या डिस्कवर परत टाकली, तर एन्क्रिप्शन पुन्हा चालू करावं लागू शकते. ते तपासा.

हे झालं की मग सॉफ्टवेअरचं नाव विचारा. तुमच्या डिस्कचा फॉरमॅट आणि एन्क्रिप्शनची स्थिती कमेंटमध्ये लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल. फक्त ती ४८ अंकांची की तेवढी लिहू नका, बरं का!