हमीचे श्रेय

१९७२च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणाऱ्या आणि सुकडी या पूरक आहारावर दिवस काढणाऱ्या मजुरांची संख्या १९७३च्या मे महिन्यात ५० लाखांच्या आसपास पोहोचली, तेव्हा महाराष्ट्रात सत्ता काँग्रेसची होती, मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, आणि कचेऱ्यांवर धडकणारे मोर्चे शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, कम्युनिस्ट व लाल निशाण पक्ष यांचे होते. मागेल त्याला काम देणाऱ्या रोजगार हमी योजनेचे श्रेय कोणाचे, हा वाद आजही रंगतो. कल्पना काँग्रेसचेच, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यातील विसापूरला त्यांनी तिचा प्रयोगही करून पाहिला होता. पण सरकारी ठरावाने सुरू झालेली योजना दुसऱ्या ठरावाने गुंडाळताही येते, हे ओळखून तिला कायद्याचे कवच मिळावे म्हणून विरोधकांनी जो लकडा लावला, त्यावाचून ती पुढच्या दोन चांगल्या पावसाळ्यांत वाहून गेली असती, असे मला वाटते.

खरे राजकीय चातुर्य मात्र योजनेच्या जमाखर्चात होते. १९७५ साली व्यवसाय कर बसला, त्याच्या वसुलीइतकीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची असे ठरले, आणि मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेला पैसा मराठवाड्यातील बंधाऱ्यावर मजुरीच्या रूपाने पोहोचू लागला. शहरी करदात्याने फारशी कुरकुर केली नाही. दुष्काळी लोंढे शहरावर आदळण्यापेक्षा हे बरे, असा व्यवहारी हिशेब त्यामागे असावा. बागायतदार आमदारांना मजुरीचे दर चढण्याची धास्ती होती खरी, पण पाझर तलाव झाला की भूमिहीनाला मजुरी मिळे आणि जमीनदाराच्या विहिरीला पाणी लागे. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचे विधेयक एकमताने संमत केले, ते केवळ करुणेपोटी नव्हे! काँग्रेसच्या कारकिर्दीतील हा कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला, तो शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारच्या काळात. ज्यांनी मोर्चे काढले त्यांपैकी काही पक्ष आता सत्तेच्या बाकांवर होते.

कायदा झाल्यावरही पक्ष-संघटनांचे काम संपले नाही. कामाची मागणी नमुना ४ भरून करावयाची आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारभत्ता मागावयाचा. परंतु त्यासाठी अर्जाची तारीखवार पोच हाती हवी, आणि नेमकी ती देतानाच कारकुनाचा हात आखडे. निरक्षर मजुरांचे अर्ज भरणे, पोच मिळेपर्यंत तहसील कचेरीतून न हलणे, मस्टरवरील हजेरी पडताळणे, ही कामे डाव्या आणि समाजवादी कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे केली.

२००५ साली, डाव्यांच्या पाठिंब्यावर चाललेल्या केंद्र सरकारने हेच तत्त्व देशभर नेले, तेव्हा प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाकाठी १०० दिवसांची मर्यादा पडली. महाराष्ट्राच्या कायद्यात दिवसांची अशी मोजदाद नव्हती. म्हणून येथे १०० दिवसांपुढील मजुरीचा भार राज्याच्या खजिन्यावर राहिला.