काळं दिसलं म्हणजे कडकनाथ नव्हे!

मुलांनो, कोंबड्याचं चित्र काढा असं सांगितलं, की तुमचा हात आधी कुठल्या खडूकडे जातो? लाल! तुरा लाल, गळ्याखाली लोंबणारे पदर लाल. पण मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या एखाद्या मुलाला हेच चित्र काढायला सांगा. तो कदाचित नुसता काळा खडू उचलेल. कारण तिथल्या अंगणात फिरणाऱ्या या पक्ष्याची पिसं काळी, चोच काळी, पाय काळे, तुरा जांभळट काळा आणि जीभसुद्धा काळी! त्याचं नाव कडकनाथ.

झाबुआ, अलीराजपूर, धार हे भिल्ल-भिलाला लोकांचे डोंगराळ जिल्हे. अलीराजपूरकडून नर्मदा ओलांडली, की आपला नंदुरबार जिल्हा लागतो. म्हणजे कडकनाथ आपला शेजारीच म्हणायचा. तिकडे त्याला ‘कालीमासी’ असंही म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची कोंबडी. याचे तीन प्रकार आहेत. एक पूर्ण काळा, दुसरा पेन्सिलने ओढाव्यात तशा पांढरट रेघा असलेला आणि तिसरा सोनेरी छटेचा.

काळा रंग येतो कुठून?

तुमचे केस काळे कशामुळे? मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. कडकनाथच्या अंगातही तेच असतं. अंड्यात पिल्लू वाढत असताना रंग तयार करणाऱ्या पेशी प्रवासाला निघतात. इतर कोंबड्यांत त्या ठरावीक जागीच पोहोचतात. कडकनाथमध्ये मात्र त्या कातडी, मांस, हाडांवरचं आवरण, आतले अवयव अशा सगळीकडे पसरतात. याचं मूळ आनुवंशिक आहे. काळ्या कोंबड्यांच्या एका गुणसूत्राचा छोटा तुकडा दुप्पट झालेला असतो, असं २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आलं. चीनची सिल्की आणि इंडोनेशियाची अयाम चेमानी या याच गुणाच्या कोंबड्या.

आता दोन गैरसमज खोडून टाका बरं! कडकनाथचं रक्त काळं नसतं, ते लालच असतं. आणि अंडंही काळं नसतं, ते फिकट तपकिरी असतं. बाजारात कुणी काळं अंडं दाखवलं, तर खुशाल हसा.

एवढा काटक, मग कमी का झाला?

कडकनाथला ऊन सोसतं, साध्या खाण्यावर तो जगतो. तरी त्याची संख्या घटत गेली. पहिलं कारण म्हणजे त्याची कोंबडी वर्षाला साधारण ८० ते १०० अंडी देते. पांढरी लेगहॉर्न देते तीनशेच्या आसपास. मग कडकनाथ पाळणार कोण? दुसरं कारण, ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणजे अंडी घालते, पण उबवायला बसत नाही. तिसरं कारण सगळ्यात गुपचूप काम करतं. ते म्हणजे सरमिसळ. गावात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांत इतर जातींचे कोंबडे मिसळले, की पुढच्या पिढीत मूळ जात पातळ होत जाते.

गंमत म्हणा की अडचण, ही सरमिसळ डोळ्यांना दिसत नाही. काळेपणाचा गुण जोरकस आहे. आई कडकनाथ आणि बाप साधा गावठी असला, तरी पिल्लं पुष्कळदा काळपटच निघतात. म्हणून रंग बघून जात ठरवता येत नाही. आई-बाप कोण, हे ठाऊक असावं लागतं.

२०१८ साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं आणि या कोंबडीचं नाव देशभर गाजलं. २०२२ मध्ये क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांच्या रांचीच्या शेतावर झाबुआहून २००० पिल्लं गेली. पण नावाबरोबर लबाडीही आली. ‘आमच्याकडून पिल्लं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावानं घेऊ’ अशा आश्वासनांवर आपल्याकडच्याही अनेक शेतकऱ्यांनी पैसे गुंतवले. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातून फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. पालकहो, कोंबडी पाळायची ती अंगण आणि हात बघून, जाहिरात बघून नव्हे.

अंगणात कडकनाथ

घरी सात-आठ कोंबड्या आणि एक कोंबडा पुरे. पिल्लं शक्यतो कृषी विज्ञान केंद्र किंवा सरकारी केंद्रातून घ्यावीत. झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्राने या जातीवर पुष्कळ काम केलं आहे.

अंडी उबवायची तर शेजारची गावठी खुडूक कोंबडी उसनी आणा! ती कडकनाथची अंडी आपलीच समजून २१ दिवस बसते. पिल्लं आपली नाहीत, याची तिला खबरही नसते. आई नसलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात साधारण ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. त्यासाठी टोपलीवर बल्ब टांगतात आणि दर आठवड्याला ऊब थोडी कमी करतात. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली, तर त्यांना थंडी वाजते आहे. लांब पळून चोची उघडून धापा टाकू लागली, तर उकडतं आहे. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात!

पाण्याच्या उथळ ताटलीत खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. खाली भाताचं तूस पसरा आणि ते कोरडं ठेवा. खायला मक्याचा भरडा, तांदळाची कणी, हिरवा पाला द्या. वाळवी तर त्यांचा आवडता खाऊ. अंड्यावर आलेल्या कोंबडीला शिंपल्यांचा चुरा हवा. रात्री खुराड्याला कडी हवीच, कारण मुंगूस आणि बोका सुट्टी घेत नाहीत.

काटक असला तरी कडकनाथला राणीखेत, म्हणजे मानमोडी, होते. त्यामुळे पहिल्या आठवड्यापासूनच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर द्या. कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर त्यांना शिवू नका. आधी मोठ्यांना आणि दवाखान्याला कळवा.

कोंबड्यांचं हजेरीपुस्तक

जात शुद्ध ठेवायची, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कोंबडीच्या शरीरात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. म्हणून उबवायची अंडी गोळा करण्याआधी कडकनाथ कोंबड्या निदान तीन आठवडे दुसऱ्या जातीच्या कोंबड्यापासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. दोन वर्षांनी कोंबडा बदलावा आणि तो दुसऱ्या घरच्या शुद्ध कळपातून आणावा. सतत जवळच्याच नात्यात पिढ्या वाढल्या, तर पिल्लं अशक्त होतात.

यासाठी वही करा. आम्हा शिक्षकांकडे मुलांची हजेरी असते, तशी तुमच्याकडे कोंबड्यांची. प्रत्येकीच्या पायात रंगीत कडी घाला. वहीत कडीचा रंग, जन्मतारीख, आई, बाप, अंडी किती, लस कधी, असे रकाने आखा. हे काम चौथीतलं मूलही करू शकतं, आणि मोठी माणसं नेमकं हेच विसरतात.

एवढा खटाटोप कशाला, असं घरात कुणी विचारील. त्यांना एक गोष्ट सांगा. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआतल्या एका कडकनाथ-पालन केंद्रात बर्ड फ्लू आढळला आणि तिथले पक्षी मारावे लागले. सगळे पक्षी एकाच ठिकाणी असते, तर काय झालं असतं? जात वाचते, ती अनेक अंगणांत थोडी थोडी राहिली म्हणून. एका अंगणात आग, पूर, रोग आला, तरी दुसऱ्या अंगणातला कोंबडा पहाटे आरवतोच!

तुमच्या गावातही गावठी कोंबड्या असतील. येत्या सुट्टीत आजीला विचारा, तिच्या लहानपणी त्या कशा दिसायच्या आणि आता कशा दिसतात? उत्तर वहीत लिहा. पहिलं पान तेच असू द्या.