वर्डमध्ये नंबर आपोआप येतात? कोटेशनच्या अटी पाठवण्याआधी हे वाचा



कोटेशन टाइप करताना तुम्ही ओळीच्या सुरुवातीला १, मग टिंब आणि मग स्पेस दिली, की वर्ड ती ओळ लगेच आत सरकवतो. एंटर मारला की पुढे २ हजर! स्टार म्हणजे * टाकून स्पेस दिली तर गोल बुलेट येतो. अनेकांना वाटतं कॉम्प्युटर बिघडला. तसं काही नाही. वर्डला वाटतं तुम्ही यादी करताय, म्हणून तो मदतीला धावतो. ही मदत कधी घ्यायची आणि कधी थांबवायची, एवढंच आज शिकायचंय.

हा विषय धंद्याचा का आहे?

समजा, तुमचं केटरिंगचं काम आहे. कोटेशनखाली चार अटी आहेत:

१. दर प्रति ताट राहील.
२. ५० टक्के रक्कम आगाऊ द्यावी.
३. ताटांची अंतिम संख्या ७ दिवस आधी कळवावी.
४. ऑर्डर रद्द झाल्यास अट २ मधील रक्कम परत मिळणार नाही.

आता तुम्ही सगळ्यात वर एक नवी अट घातली: "हे कोटेशन १५ दिवसांसाठी वैध आहे." वर्डने खालचे नंबर आपोआप बदलले. आगाऊ रकमेची अट आता ३ नंबरवर गेली. पण शेवटच्या अटीत तुम्ही हाताने लिहिलेलं "अट २" तसंच राहिलं! आणि अट २ आता दराची आहे. उद्या ऑर्डर रद्द झाली आणि ग्राहकाने कागद पुढे केला, तर तुमची बाजू लंगडी पडते. पैशाचा प्रश्न आहे, म्हणून हे नीट समजून घ्या.

नको असेल तेव्हा थांबवा

एकदाच नको असेल तर नंबर आपोआप आल्या आल्या कंट्रोल + झेड दाबा. तुम्ही टाइप केलेलं राहतं, फक्त वर्डने केलेली सजावट जाते. मात्र हे लगेच करायचं, पुढे लिहून झाल्यावर नाही.

यादी संपवायची असेल तर दोनदा एंटर मारा.

कायमचं बंद करायचं असेल तर असं जा: फाइल > ऑप्शन्स > प्रूफिंग > ऑटोकरेक्ट ऑप्शन्स > ऑटोफॉरमॅट ॲज यू टाइप. तिथे 'ऑटोमॅटिक बुलेटेड लिस्ट्स' आणि 'ऑटोमॅटिक नंबर्ड लिस्ट्स' यांच्यापुढची टिक काढा. यानंतरही होम टॅबवरचं नंबरिंगचं बटण चालूच राहतं. म्हणजे यादी तुम्ही म्हणाल तेव्हाच होणार. मी नवशिक्यांना हीच सेटिंग सुचवतो.

गुगल डॉक्स वापरत असाल तर टूल्स > प्रेफरन्सेस मध्ये 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट लिस्ट्स' ही टिक काढा.

हवी असेल तेव्हा नीट वापरा

अटींसाठी मात्र आपोआप येणारे नंबरच चांगले. मधली अट काढली तरी क्रम बिघडत नाही. फक्त चार गोष्टी हाताशी ठेवा:

• एकाच अटीत दुसरी ओळ हवी, पण नवा नंबर नको? शिफ्ट + एंटर.
• पोट-अट हवी? नव्या ओळीच्या सुरुवातीला टॅब दाबा. परत बाहेर यायला शिफ्ट + टॅब.
• दुसरी यादी १ ऐवजी ६ पासून सुरू झाली? त्या नंबरवर राइट क्लिक करून 'रिस्टार्ट ॲट १' निवडा.
• उलट, मागचाच क्रम पुढे न्यायचाय? तिथेच 'कंटिन्यू नंबरिंग' आहे.

"अट २ पाहा" आपोआप बदलेल असं करा

आता मुख्य मुद्दा. "अट" हा शब्द लिहा, पण पुढचा आकडा हाताने टाइप करू नका. त्याऐवजी रेफरन्सेस टॅबवर क्रॉस-रेफरन्स दाबा. प्रकार 'नंबर्ड आयटम' निवडा, 'इन्सर्ट रेफरन्स टू' मध्ये 'पॅराग्राफ नंबर' घ्या, यादीतून आगाऊ रकमेची अट निवडा आणि इन्सर्ट करा. आकडा उमटेल. आता हा आकडा त्या अटीला बांधलेला आहे.

एक गोष्ट विसरायची नाही: अटी पुढे-मागे केल्यावर हा आकडा स्वतःहून लगेच बदलत नाही. कंट्रोल + ए करून सगळं सिलेक्ट करा आणि एफ९ दाबा. काही लॅपटॉपवर एफएन + एफ९ दाबावं लागतं. मग "अट २" चं "अट ३" होतं.

पाठवण्याआधीची एक मिनिटाची तपासणी

१. कंट्रोल + ए, मग एफ९.
२. कंट्रोल + एफ करून "अट" शब्द शोधा. प्रत्येक ठिकाणचा आकडा योग्य अटीकडे बोट दाखवतोय का, ते डोळ्यांनी बघा.
३. फाइल पीडीएफ करून पाठवा. वर्डची फाइल दुसऱ्याच्या मोबाइलवर वेगळी दिसू शकते, शिवाय ती सहज बदलताही येते.

आजच तुमचं जुनं कोटेशन उघडा, त्यातले हाताने लिहिलेले आकडे शोधा आणि क्रॉस-रेफरन्स लावा. एकदा नीट फॉरमॅट तयार झाला की दर वेळी फक्त ग्राहकाचं नाव, तारीख आणि दर बदलायचे. स्क्रीनवर एकेक पायरी बघायची असेल तर सोबतचा व्हिडिओ लावा आणि बरोबरच करत चला.

भेटू पुढच्या भागात!