बादलीचा फोटो

नोव्हेंबर २०२३. लेस्टरच्या बाहेरचं एक मोठं गोदाम, सकाळी सहाची शिफ्ट. रिकामे ट्रे घेऊन मी माल चढवायच्या दरवाजाकडे निघाले होते, आणि पाय कधी सटकला ते कळलंच नाही. छतातून पाणी गळायचं म्हणून तिथे खाली एक लाल बादली ठेवलेली असायची. त्या दिवशी ती भरून वाहत होती. पडताना सगळा भार उजव्या तळहातावर आला.

सुपरवायझर लगेच धावत आला. बर्फाची पिशवी दिली, चहा दिला, ‘घरी जा, उद्या बघू’ म्हणाला. खरंच चांगला वागला तो. अपघाताच्या वहीत नोंद करायची असते हे मात्र त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारणार तरी कशी? अशी वही असते हेच मला ठाऊक नव्हतं. (इथे दहा किंवा अधिक कामगार असले की ती ठेवावीच लागते.)

मी सांगलीची, बी.कॉम. नवऱ्याचं एमएस्सी चालू होतं आणि मी डिपेंडंट व्हिसावर. घरभाडं माझ्या पगारातून जायचं. नोकरी एजन्सीची आणि गोदाम तिसऱ्याच कंपनीचं, त्यामुळे आपण नक्की कुणाचे कामगार हेसुद्धा धड माहीत नाही, अशी गत.

आमच्या लाइनवर एक गुजराती बाई होत्या, आम्ही सगळ्या त्यांना मासी म्हणायचो. लहानपणी १९७२ मध्ये युगांडातून आई-वडिलांबरोबर इथे आलेल्या, सगळी हयात लेस्टरच्या कारखान्यांत गेलेली. मी बसस्टॉपवर असतानाच त्यांचा व्हॉट्सॲप आला. त्यात बादलीचे दोन फोटो होते, एक जवळून आणि एक छतासकट. खाली एकच ओळ : ‘लखी नाख, दीकरी. आजे ज.’ म्हणजे आजच लिहून टाक.

त्या रात्री डाव्या हातानं टाइप करून मी सुपरवायझरला आणि एजन्सीला ईमेल पाठवला. किती वाजता पडले, कुठे, कशावरून, कुणी पाहिलं आणि वहीत नोंद करावी ही विनंती. व्याकरणाच्या चुका होत्या. पण तारीख आणि वेळ त्यावर आपोआप पडली, आणि पुढे तीच कामाला आली.

पहिल्या एक्स-रेमध्ये काहीच दिसलं नाही. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटात एक छोटं हाड असतं, त्याची चीर बऱ्याचदा पहिल्या एक्स-रेत दिसत नाही म्हणे. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा दिसली. मग आठ आठवडे प्लास्टर. आजारपणाचा कायदेशीर पगार त्या वर्षी आठवड्याला १०९ पाउंड ४० पेन्स होता, तोही चौथ्या दिवसापासून. त्यात आमच्या घराचं आठवड्याचं भाडंसुद्धा निघत नव्हतं.

घरी फोन केला तर बाबा म्हणाले, “अगं, परक्या देशात कोर्टकचेरी कशाला? व्हिसा काढून घेतला म्हणजे?” मला काका आठवले. इचलकरंजीत मागाच्या पट्ट्यात त्यांची दोन बोटं गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, दिवाळीला मिठाई पाठवली आणि काका त्यावर आयुष्यभर त्याचं नाव काढत राहिले. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा तेव्हाही होता. कुठलं बोट, किती पेरं, त्याचे किती टक्के हे त्यात कोष्टकच होतं. आमच्या घरात कुणी ते पाहिलं नव्हतं.

इकडचा कायदा वेगळ्या वळणाचा. आपल्याकडे त्या कायद्यात मालकाची चूक सहसा दाखवावी लागत नव्हती, इथे ती दाखवावी लागते. मात्र पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत. १९६९ च्या कायद्यानं जवळजवळ प्रत्येक मालकाला कामगारांसाठी किमान ५० लाख पाउंडांचा विमा काढावाच लागतो. ते प्रमाणपत्र कँटीनमध्ये फ्रेम करून लावलेलं होतं. त्याच्या खाली मी रोज कोट अडकवायचे.

व्हिसाचं म्हणाल तर नुकसानभरपाई ही सरकारी मदत नव्हे, त्यामुळे ‘पब्लिक फंड्स’ची अट तिला लागत नाही. वकिलानं हे सांगितलं तेव्हा नवऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. वकील ‘जिंकलो तरच फी’वाला. करारातलं बारीक अक्षर मात्र वाचा. जिंकल्यावर दुखण्याच्या भरपाईतून आणि आधीच बुडालेल्या पगारातून तो २५ टक्क्यांपर्यंत कापू शकतो. घराच्या विम्यात कधी कधी कायदेशीर खर्चाचं संरक्षण असतं आणि युनियनचे सभासद असाल तर त्यांचे वकील असतात, तिथे आधी चौकशी करा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात, पण थांबू नका. माणसं नोकऱ्या सोडतात आणि छतं दुरुस्त होतात.

विमा कंपनीचं पहिलं उत्तर असं : पाणी अचानक सांडलं होतं आणि माझे बूट योग्य नव्हते. बूट मी स्वतःच्या पैशांनी घेतले होते, एजन्सीनं तसंच सांगितलं होतं. सुरक्षेचे बूट लागत असतील तर ते फुकट द्यायचे असतात. तो मेसेज फोनमध्ये होताच. आणि पाणी अचानक सांडलं म्हणावं, तर बादली कुठून आली? कुणीतरी गळती पाहून ती ठेवली होती, म्हणजे गळती माहीत होती. वकील म्हणाला, या केसमध्ये माझ्या हातापेक्षा बादली महत्त्वाची आहे. मला तेव्हा थोडा रागच आला होता.

कोर्टात जावं लागलं नाही. २०२५ च्या वसंतात तडजोड झाली. बुडालेला पगार, फिजिओथेरपीचा खर्च आणि दुखण्याचे पैसे मिळाले. आकडा लिहीत नाही, सांगलीत हा पेपर वाचतात! सहा महिन्यांचं भाडं निघालं एवढं सांगते.

दाव्याचं पत्र गेल्यावर एजन्सीकडून शिफ्टचे मेसेज येणं बंद झालं. कुणी काढून टाकलं नाही, फक्त मेसेज आले नाहीत. हीही या गोष्टीतली एक किंमत आहे आणि ती भरपाईत धरलेली नाही. आता मी एका दुकानात हिशेब बघते. थंडीत कुकरचं झाकण अजून डाव्या हातानंच लावते.

परवा काकांचा फोन होता. बाबांकडून त्यांना सगळं कळलं होतं. बराच वेळ हवापाणी झालं, मग म्हणाले, “तो मासीबाईंचा फोटो आहे का गं अजून? पाठव बरं मला.” पाठवला. उत्तरात त्यांनी काही लिहिलं नाही, स्वतःच्या उजव्या हाताचा फोटो पाठवला.