नऊ महिने एकच सिस्टर

गर्भार बाई पहिल्या तपासणीला मोजकंच बोलते. पाळी कधी चुकली ते सांगते, मळमळ होते म्हणते. आधीची एक खेप गळून गेली होती हे सांगत नाही, कारण शेजारी सासू बसलेली असते. लोहाच्या गोळ्या घेतेस का विचारलं की मान डोलावते. गोळ्या फडताळात तशाच पडून असतात. दुसऱ्या भेटीला ती आपला चेहरा ओळखते. तिसऱ्या-चौथ्या भेटीला, बीपीचा पट्टा सोडता सोडता, खाली मान घालून खरं काय ते सांगते. ही चौथी भेट पहिल्याच सिस्टरशी व्हावी, एवढ्यासाठी हा लेख लिहिते आहे.

वर्धा जिल्ह्यात उपकेंद्राची एएनएम म्हणून माझी नोकरी झाली, आधी देवळी आणि नंतर समुद्रपूर तालुक्यात. गावात आम्हाला कोणी सिस्टर म्हणतं, कोणी नर्सबाई. सुईणीच्या हातून घरी होणारी बाळंतपणं मी पाहिली आणि ती दवाखान्याकडे वळतानाही पाहिली. दवाखान्याने अनेक जीव वाचवले. सुईण मात्र बाईला तिच्या लग्नापासून ओळखायची. दवाखान्यात ती ओळख आपोआप होत नाही, ती कोणीतरी जपावी लागते.

एक सून आठवते. दुसऱ्यांदा दिवस गेले होते. नोंदणीच्या वेळी पहिलं बाळंतपण कसं झालं विचारलं तर ‘चांगलं झालं’ म्हणाली. पाचव्या महिन्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत ती तपासणीला आली नाही म्हणून मी तिच्या घरी गेले. घरात दुसरं कोणी नव्हतं. चहा ठेवता ठेवता म्हणाली, “सिस्टर, पहिल्या वेळी मले झटके आले होते. माय म्हणे, सासरी सांगू नको, मिरगी आहे म्हणतील.” तिला मिरगी नव्हती. गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाचे ते झटके होते, आणि ज्या बाईला ते एकदा येऊन गेले तिला पुढच्या खेपेला जास्त जपावं लागतं. त्या दिवसापासून तिचं बीपी वारंवार मोजलं, लघवीतलं प्रोटीन तपासलं, तिला मोठ्या रुग्णालयात दाखवलं आणि बाळंतपण तिथेच होईल असं ठरवून ठेवलं. बाई आणि बाळ दोघं सुखरूप घरी आले. प्रत्येक महिन्याला समोर नवी नर्स असती, तर तिने ते कोणाला सांगितलं असतं?

ओळखीने काय साधतं

ओळखीचा पहिला फायदा हा असा, बाई बोलती होते. विदर्भात सिकलसेल आढळतो. आपण वाहक आहोत हे अनेक मुलींना शाळेतल्या तपासणीत कळलेलं असतं, पण लग्न मोडेल या भीतीने ते घरात दडवलेलं असतं. अशी मुलगी ते फक्त विश्वासाच्या माणसाला सांगते. तिने सांगितलं तर नवऱ्याचंही रक्त वेळेवर तपासता येतं.

दुसरा फायदा आकड्यांचा. रक्तदाब १४०/९० झाला की कोणतीही नर्स सावध होते. पण जिचा नेहमी १००/६० असतो, तिचा १३०/८४ निघाला तर कागदावर तो बिघडलेला दिसत नाही. तिला सुरुवातीपासून पाहणारी सिस्टर मात्र थांबते, दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजते, डोकं दुखतं का, डोळ्यापुढे अंधारी येते का विचारते. हिमोग्लोबिनचं तसंच. ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय आणि ७ च्या खाली गेलं की तो गंभीर, हे सगळ्यांना पाठ असतं. गोळ्या घेऊनही ते का वाढत नाही, याचं उत्तर त्या बाईच्या घरात असतं: शेवटी जेवते, उरलं तेवढंच जेवते, जेवणाबरोबर चहा पिते. ते घर पाहिलेल्या माणसालाच हे कळतं.

संशोधनही याच बाजूने बोलतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन आढाव्यात १५ चाचण्यांमधल्या १७,६७४ स्त्रियांची माहिती एकत्र केली होती. ज्यांना गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरही ओळखीच्या मिडवाइफची, म्हणजे शिकलेल्या सुईणीची, सोबत मिळाली, त्यांच्यात दिवस भरण्याआधी होणारी बाळंतपणं सुमारे २४ टक्क्यांनी कमी होती आणि बाळ गमावण्याचं प्रमाणही कमी होतं. हे अभ्यास श्रीमंत देशांतले आहेत, आपल्या उपकेंद्रावरचे नाहीत. तरीही उपकेंद्रावर उभी राहून मी जे पाहिलं, त्याच्याशी ते जुळतात.

धागा कुठे तुटतो

आपल्याकडे ओळखीचा हा धागा सगळ्यात आधी तुटतो तो प्रेमापोटी. सातवा लागला, ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते. सासरच्या सिस्टरने सहा महिने पाहिलेली बाई, सगळ्यात नाजूक दिवसांत, अनोळखी सिस्टरपुढे बसते. माहेरपण हवंच, आईच्या हातचं जेवण आणि विश्रांती हेही औषधच आहे. पण माहेरी जाताना पिशवीत साडीच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड ठेवावं. त्यावरचा आरसीएच नोंदणी क्रमांक गाव बदललं तरी तोच राहतो. निघण्याआधी सासरच्या सिस्टरला सांगावं, “मी अमुक गावी चालले, तिथल्या सिस्टरशी फोनवर बोला.” दोघींचं दोन मिनिटांचं बोलणं झालं तर सहा महिन्यांची ओळख पुढच्या हातात जाते. मी असे फोन करत असे, आणि समोरून कोणी नाही म्हटल्याचं आठवत नाही.

दुसरा तुकडा पडतो मोठ्या रुग्णालयात. आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान. कस्तुरबा १९४४ मध्ये गेल्या, त्यांच्या नावाने सेवाग्रामला रुग्णालय उभं राहिलं. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. या संस्थेचं काम आंजी, गौळ, तळेगाव या भागांतल्या गावांत पोहोचलं. सावंगीचं रुग्णालय आहे, वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय आहे, हिंगणघाट आणि आर्वीला उपजिल्हा रुग्णालयं आहेत. शिकवणाऱ्या रुग्णालयात डॉक्टर बदलत राहणार, कारण ते तिथे शिकायला आलेले असतात. तिथे एक साधी गोष्ट उपयोगी पडते. अशा रुग्णालयांत सहसा प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. पहिल्यांदा ज्या युनिटकडे दाखवलं, त्याच वारी पुढेही जायचं. ठरावीक डॉक्टर नाही मिळाले तरी त्यांचा गट तोच राहतो, जुने कागद तेच पाहतात.

तिसरी अडचण आम्हा नर्सांची. सपाटीच्या भागात साधारण ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. लसीकरण, कुटुंबनियोजन, साथीचे सर्वे, रजिस्टर, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळं तिथल्या एएनएमकडे. बदली होते, पद रिकामं राहतं, कंत्राटी मुलगी वर्षभरात दुसरीकडे जाते. अशा वेळी गावात टिकून राहते ती आशा. ती गावचीच सून असते. अंगणवाडीतल्या आरोग्य व पोषण दिवसाला तीच बोलावते, दवाखान्यात सोबत येते, बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येऊन बाळ पाहते. बाळाच्या या घरभेटींची वाट आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’च्या कामाने दाखवली. सिस्टर बदलली तर आशाला धरून राहा. तुमचं गरोदरपण पहिल्यापासून जाणणारं एक तरी माणूस असलंच पाहिजे.

सिस्टर खेकसत असेल तर

आता अवघड भाग. एकच सिस्टर हवी खरी, पण ती तोंड टाकून बोलणारी असेल तर नऊ महिने जड जातात. ‘इतकी पोरं कायले झाली’, ‘अंघोळ करून येत जा’, ‘तेव्हा नाही ओरडली, आता कशाला ओरडते’ अशी वाक्यं मी माझ्या क्षेत्रातल्या बायांच्या तोंडून ऐकली आहेत, कुठल्या ना कुठल्या दवाखान्यातून अंगावर घेऊन आलेली. शेवटचं वाक्य कळा देणाऱ्या बाईला ऐकवलं जातं. रात्रपाळी, माणसांची कमतरता, वरून आलेला दबाव यांनी माणूस चिडतो, हे मी जगले आहे. पण कळा देणाऱ्या बाईचा अपमान करण्याचा हक्क कुठलीच पाळी देत नाही. आणि त्याची किंमत नुसती मनाला लागत नाही. रागावलेल्या सिस्टरला बाई रक्तस्राव सांगायला कचरते, पुढची तपासणी टाळते.

म्हणून पहिली गोष्ट: तपासणी सोडू नका. पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी आणि निदान चार तपासण्या हा आपल्याकडचा किमान नियम. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते. एका ठिकाणी मन बसत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. तिथे जा.

दुसरी: एकटीने जाऊ नका. आशा, आई, नणंद, कोणीही चालेल. तिसरं माणूस शेजारी उभं असलं की आवाज आपोआप खाली येतो.

तिसरी: शांतपणे, नेमकं बोला. “सिस्टर, मले समजलं नाही, एकदा हळू सांगा.” “बीपी किती निघालं ते कार्डावर लिहून द्या.” “पोट तपासताना पडदा ओढा.” यात भांडण नाही, आणि यातली एकही मागणी जास्तीची नाही. पुष्कळदा एवढ्याने समोरची बाई भानावर येते. जी नुसती रुक्ष आहे पण काम चोख करते, तिच्याशी जमवून घ्यावं. बीपी नीट मोजणारी अबोल सिस्टर, गोड बोलून न मोजणाऱ्या सिस्टरपेक्षा कधीही चांगली.

चौथी: शिवी, थप्पड, पैशाची मागणी किंवा परत पाठवणं हे मात्र जमवून घेण्यातलं नाही. आधी उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या (पीएचसी) एलएचव्हीला, म्हणजे एएनएमवर देखरेख करणाऱ्या बाईंना, सांगा, मग वैद्यकीय अधिकाऱ्याला. तरी हललं नाही तर तारीख, वेळ, काय घडलं हे लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीतही विषय मांडता येतो. बाळंतिणीला विश्रांती हवी असते, अर्ज घरच्यांनी लिहावा.

हक्क लेखी आहेत. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. पेढ्याच्या नावाखालीही पैसे द्यायचे नाहीत. २०१६ मध्ये केंद्र सरकारने बाळंतपणाच्या खोलीत सोबतीण ठेवायला परवानगी दिली. २०१७ च्या ‘लक्ष्य’ उपक्रमात आणि २०१९ च्या ‘सुमन’ योजनेत सन्मानाची वागणूक हा उपचाराचाच भाग मानला आहे. खोलीत सोबतीला कोण येणार हे आठव्या महिन्यातच ठरवा, जिने स्वतः बाळंतपण काढलं आहे अशी बाई शक्यतो.

आणि एक गोष्ट कोणत्याही सिस्टरच्या मूडवर सोडायची नाही. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, तीव्र डोकेदुखी, डोळ्यापुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, झटके, ताप, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर ओळखीची सिस्टर भेटेपर्यंत थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

मागायचं काय

न्यूझीलंडने १९९० मध्ये कायदा बदलून मिडवाइफला स्वतंत्रपणे बाळंतपण सांभाळण्याची मुभा दिली. आता तिथे बहुतेक स्त्रिया स्वतः निवडलेल्या मिडवाइफकडे शेवटपर्यंत जातात. इंग्लंडने ‘एकच मिडवाइफ’ हे धोरण २०१६ मध्ये धरलं, पण मनुष्यबळ अपुरं पडलं आणि २०२२ मध्ये त्याची उद्दिष्टं मागे घ्यावी लागली. माणसं नेमली तरच ओळख टिकते, हा त्यातला धडा. आपल्या सरकारनेही २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. नर्सिंग झालेल्या मुलींना १८ महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण देऊन नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ तयार करायच्या, असा तो बेत आहे.

विदर्भाला ही कल्पना परकी वाटायला नको. बालविधवा म्हणून कोपऱ्यात बसण्याऐवजी नर्सिंग शिकलेल्या कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये नागपुरात मातृ सेवा संघ उभा केला. अशिक्षित हातांत बाळंतिणी मरत होत्या, तेव्हा शिकलेला आणि आपुलकीचा हात बाईला मिळावा म्हणून त्या झटल्या. शिक्षण आणि आपुलकी एकाच हातात असू शकतात, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

आता गावाने हे मागायला हवं. ग्रामसभेत रस्ता आणि नळ यांच्या बरोबरीने विचारा: आपल्या उपकेंद्राचं पद भरलेलं आहे का? सिस्टर मुक्कामी राहील अशी खोली धड आहे का? गावातल्या गर्भार सुना माहेरी जातात तेव्हा तिथल्या सिस्टरला कोण कळवतं? चांगल्या सिस्टरची बदली झाली तर जाणारीने येणारीला घरोघर नेऊन ओळख करून द्यावी, असा ठराव करा. आणि जी सिस्टर तुमच्या लेकीला नीट वागवते, तिचं नाव घेऊन पीएचसीत चार चांगले शब्द लिहून द्या. तक्रारी लिहिणारी माणसं मिळतात. चांगल्या सिस्टरला त्याच गावात टिकवायला हे चार शब्दही लागतात.