चालत नाही की चालू देत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित मुदत संपली. तेव्हापासून जळगावचं गोलाणी मार्केट असो की धुळ्याचा आग्रा रोड, दुरुस्तीवाल्याकडे एकच मागणी असते : "भाऊ, विंडोज ११ टाकून द्या." पेनड्राइव्ह लावला की पडदा सांगतो, हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही. गिऱ्हाईक समजतं, डबा भंगारात गेला.

पुष्कळदा ते वाक्य खरं नसतं. मायक्रोसॉफ्टने एक रेघ ओढली आहे : इंटेलची साधारण आठवी पिढी, एएमडीची रायझन २००० मालिका आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप. २०१७च्या सुरुवातीला आलेला सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर दुकानाचा हिशेब आजही झरझर करतो. पण तो रेघेच्या अलीकडे राहिला. रेघ अगदीच बिनबुडाची नाही. टीपीएम कुलपाच्या किल्ल्या वेगळ्या जपतो, त्यामुळे कुलूपबंद केलेली डिस्क चोराने काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी उघडत नाही. तरीही ही मशीनची असमर्थता नव्हे, कंपनीचा निर्णय आहे.

गंमत अशी, की असेंबल केलेली आठव्या-नवव्या पिढीची मशिनंसुद्धा नापास होतात. कारण बायोसमध्ये टीपीएम बंद ठेवलेला असतो. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-टू दाबून बायोसच्या आत जा. इंटेलच्या बोर्डावर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' चालू केलं की काम होतं. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची असेल, तर ती जीपीटीत बदलायचं साधन विंडोजमध्येच आहे. डेटा पुसला जात नाही, पण आधी बॅकअप घ्याच.

कोअर टू ड्युओची गोष्ट वेगळी. एखाद्या द्विमान संख्येत एक किती वेळा आला, हे मोजणारी 'पॉपकाउंट' नावाची आज्ञा या प्रोसेसरला येतच नाही. विंडोज ११च्या २०२४च्या आवृत्तीपासून ती आज्ञा सक्तीची झाली. त्यामुळे मशीन बूटच होत नाही आणि रजिस्ट्रीतली कोणतीही पळवाट कामाची नाही. मात्र हा प्रोसेसर ६४ बिटांचा असल्याने लिनक्स त्यावर चालतं. निव्वळ ३२ बिटांच्या मशीनसाठी ती वाटही अरुंद झाली आहे. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने ऑगस्ट २०२५च्या १३व्या आवृत्तीपासून अशा मशीनसाठीचा इन्स्टॉलर बंद केला.

लिनक्स टाकलं की वेगळंच दुखणं निघतं : वायफाय दिसत नाही. मशीनमध्ये पीसीआयवर जोडलेला प्रत्येक सुटा भाग विचारल्यावर आपले दोन आकडे सांगतो, कंपनीचा आणि मॉडेलचा. इंटेलचा आकडा ८०८६. १९७८च्या गाजलेल्या प्रोसेसरवरून तो घेतला. रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४. ऑपरेटिंग सिस्टिम ही जोडी आपल्या यादीत शोधते. सापडली तर ड्रायव्हर चढतो, नाहीतर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह लागतं. त्या चिन्हावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स', मग 'हार्डवेअर आयडीज' उघडा. मॉडेलचं नाव शोधत बसण्यापेक्षा तिथले आकडे शोधणं केव्हाही सरस. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचं फर्मवेअर परवान्याच्या अटींमुळे अनेक लिनक्सच्या डिस्कवर नसतं, ते नेटवरून आणावं लागतं. आणि नेटच तर नसतं! अशा वेळी मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा.

वकील, टायपिंगवाले, सेवा केंद्रवाले यांचा जीव प्रिंटरमध्ये अडकतो. एचपी लेझरजेट १०२० बंद केला की स्वतःचं फर्मवेअर विसरतो. दर वेळी कॉम्प्युटरने ते पुन्हा पाठवावं लागतं. विंडोजचा ड्रायव्हर ते गुपचूप करतो. लिनक्सवर एचपीचं प्लगइन वेगळं घालावं लागतं. ते घातलं नाही तर हिरवा दिवा लागतो, पण कागद निघत नाही.

काही दुखणी मात्र 'सपोर्ट'ची नसतातच. इन्स्टॉल होताना फाइल कॉपी अडली तर आधी रॅमची पट्टी तपासा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत. खानदेशात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो; पंख्यात धूळ साचली असेल तर तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो आणि दोष नव्या सिस्टिमवर येतो.

रेघ चुकवून विंडोज ११ बसवणारी साधनंही आहेत. घरी मुलांच्या सरावाला हरकत नाही, पण बँक आणि जीएसटीच्या मशीनवर तो मार्ग मी सुचवणार नाही. पुढचे अपडेट मिळतील याची मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज १०चे वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात. तोवर एक करा : लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता, तुमचा प्रिंटर, स्कॅनर आणि अंगठ्याचं मशीन त्यावर चालतं का ते पाहा, आणि मगच नव्या मशीनचे पैसे मोजा.