संकासुराची लाल जीभ

कार्तिक लागला, भाताची कापणी-मळणी आटोपली, म्हणजे पेडणे व डिचोली तालुक्यांतील देवळांतून जत्रांचे दिवस सुरू होतात. देवाची पालखी फिरून येते, खाज्यांच्या दुकानांवरची गर्दी ओसरते, आणि देवळासमोरच्या मांडवात पेटी व मृदंग बोलू लागतात. दशावतारी नाटकाला तोंड लागते. प्रथम गणपती येतो, मागून सरस्वती येते. मोठी माणसे हात जोडतात. झोप आवरून पुढे बसलेली मुले मात्र ज्याची वाट पाहत असतात तो अद्याप यावयाचा असतो. अंगभर काळा पोशाख, डोक्यापासून गळ्यापर्यंत काळा बुरखा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे, छातीवर लोंबणारी लाल कापडी जीभ आणि हातात काठी, असे ध्यान नाचत-उडत मांडवात शिरते. मुले आईला बिलगतात आणि दुसऱ्याच क्षणी खदखदून हसतात. हाच दशावतारातला संकासूर.

संकासूर म्हणजे पुराणातला शंखासुर. पद्मपुराणातील कार्तिकमाहात्म्यात त्याची कथा आहे. या असुराने वेद पळवून समुद्रात नेले; तेव्हा विष्णूने मत्स्यरूप घेऊन त्याचा वध केला आणि वेद परत आणले. भागवतात वेद चोरणाऱ्या असुराचे नाव हयग्रीव असे आहे. कोकणच्या रंगभूमीने मात्र शंखासुरच पत्करला आणि लोकांच्या तोंडी त्याचा संकासूर झाला. दहा अवतारांपैकी पहिला अवतार ज्याच्या वधासाठी झाला तो हा दैत्य असल्यामुळे दशावतारी खेळाच्या आरंभी त्याला मानाची जागा मिळाली. पुराणातला हा दैत्य भयंकर होता. मांडवात तो विनोदी कसा झाला, हा खरा प्रश्न आहे.

दशावतारी खेळाचे दोन भाग असतात. पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात. त्यात गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासूर आणि विष्णू ही पात्रे येतात. उत्तररंगात एखादे पौराणिक आख्यान लागते, ते पहाटेपर्यंत चालते, आणि शेवटी दहीकाला होऊन खेळ संपतो. यावरूनच या खेळाला धयकालो असे नाव पडले. यातील कोणत्याही भागाची लिखित संहिता नसते. कथेचा आराखडा ठरलेला असतो. संवाद ज्याने त्याने उभ्या उभ्या रचावयाचे असतात. राजा, राणी व ऋषी नागर, भारदस्त मराठीत बोलतात. संकासूर तेवढा गावच्या बोलीत बोलतो. त्याच्या विनोदाचे पहिले बीज या भेदात आहे. देव ज्या भाषेत बोलतात ती पोथीतली. दैत्य बोलतो ती घरातली. साहजिकच प्रेक्षकांना दैत्य आपला वाटू लागतो.

त्याच्याशी बोलावयास नाईक असतो. हा नाईक म्हणजे सूत्रधार. तो प्रश्न विचारतो आणि संकासूर वाकडी उत्तरे देतो. त्या संभाषणाची तऱ्हा साधारण अशी असते. नाईक विचारतो, ‘वेद चोरून तू केलेस काय?’ संकासूर म्हणतो, ‘वाचूक बसलंय, पण चष्मो घराक रवलो!’ नाईक पुन्हा विचारतो, ‘अरे, पण समुद्रात पोहोचलास कसा?’ उत्तर येते, ‘तुमच्या गावच्या रस्त्यान येय होतंय. एका खड्ड्यात पाय पडलो, आणि थेट समुद्रातच पोचलंय!’ मांडव हसतो. रस्ता ज्यांनी करावयाचा तेही पुढच्या रांगेत बसून हसतात. दुसऱ्या गावी दुसरा खड्डा, दुसरा सावकार, दुसरा पुढारी. बुरखा तोच आणि जीभही तीच. बोलणे मात्र दर रात्री नवे.

हे त्याला कोण बोलू देतो? याचे उत्तर कथेतच आहे. संकासुराचा वध होणार हे मांडवातल्या सर्वांत लहान मुलालाही ठाऊक असते. ज्याचा शेवट ठरलेला आहे त्याचे भय उरत नाही. आणि घटकाभराने जो मरणार आहे त्याच्या बोलण्याचा राग तरी कोण धरणार? शिवाय तो दैत्य आहे. दैत्याने मर्यादा सोडली तर दोष दैत्याचा. नटाचा नव्हे, की गावाचाही नव्हे. गावातल्या शहाण्या माणसाला जे चारचौघांत बोलता येत नाही ते हा काळ्या बुरख्याआडून बोलून जातो, आणि विष्णूच्या हातून मरून सर्वांना त्यातून मोकळे करतो.

ही गोष्ट केवळ कोकणात घडली असे नाही. मध्ययुगीन युरोपात बायबलातील प्रसंगांवर धर्मनाट्ये होत असत. त्यांतला सैतान आरंभी भीती घालण्यासाठी आणलेला होता; पुढे प्रेक्षकांना हसविण्याचे कामही त्याच्याकडेच आले. संस्कृत नाटकातला विदूषक, तमाशातला सोंगाड्या ही त्याच घराण्यातली माणसे. सध्याच्या काळातले उदाहरण घ्यावयाचे तर अमेरिकेतील होमर सिम्पसन या चित्ररूप गृहस्थाचे घेता येईल. मॅट ग्रोनिंग या व्यंगचित्रकाराने १९८७ साली दूरचित्रवाणीसाठी हे पात्र रेखाटले आणि त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले. आरंभीच्या त्या चुटक्यांतून १९८९ च्या डिसेंबरात अर्ध्या तासाची विनोदी मालिका जन्मली. प्रथम त्याचे चित्र ओबडधोबड होते, आवाज जड होता. पुढे डॅन कॅस्टेलानेटा या नटाने तो आवाज बदलत नेला. होमर आळशी, खादाड आणि अविचारी आहे. तो मूर्ख म्हणून त्याला सर्व माफ असते, आणि त्या मूर्खाच्या तोंडून अमेरिकन समाजाचे उणे बाहेर पडते. चित्रातले माणूस म्हातारे होत नाही. आजूबाजूचे जग मात्र बदलत राहते. संकासुराचेही तसेच आहे. भेद एवढाच, की होमरचे बोलणे लेखकांचा एक संच आधी लिहून ठेवतो, तर संकासुराला ते मांडवात उभे राहून, समोरच्या माणसांचे चेहरे पाहत सुचावे लागते.

दशावताराची परंपरा जुनी आहे. श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून राजापूरजवळच्या आडिवरे येथे आणला, असे सांगितले जाते. परंतु त्यापूर्वीच्या शतकात रचलेल्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे, तेव्हा त्याची मुळे अधिक खोल असली पाहिजेत. पेडणे व डिचोली हे भाग त्या काळी सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होते. पोर्तुगीजांनी डिचोली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली घेतले. जुन्या काबिजादींत सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली होती व हिंदूंच्या उत्सवांवर बंदी आली होती. नव्या काबिजादी हाती येईपर्यंत ते धोरण बदलले होते, आणि तेथील लोकांच्या देवधर्माला धक्का न लावण्याचे राज्यकर्त्यांनी मान्य केले. त्यामुळे देऊळ राहिले, जत्रा राहिली आणि जत्रेबरोबर संकासूरही राहिला. तेरेखोलच्या खाडीपलीकडे सरकार निराळे झाले, तरी दोन्ही काठांवरचे प्रेक्षक एकाच विनोदाला हसत राहिले. आजही सिंधुदुर्गातील नाटक मंडळ्या पेडण्याच्या जत्रांत खेळ करतात, आणि त्यांची भाषा कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

उत्तरेकडे हेच पात्र निराळ्या वाटेने वाढले. रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या दिवसांत नमन-खेळ्यांबरोबर संकासूर घरोघर फिरतो. कमरेला घुंगरू बांधलेले, डोक्यावर उंच काळी टोपी. त्याला पाहून मुले पळत सुटतात. तेथे तो बोलण्यापेक्षा नाचण्याने ओळखला जातो. दक्षिणेकडे मात्र त्याची जीभ प्रधान झाली. एकाच दैत्याची ही दोन रूपे ज्या त्या भागातील लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे घडविली.

पूर्वी या मंडळ्यांचे नट डोक्यावर पेटारा घेऊन गावोगाव पायी जात. ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ ही म्हण त्यातूनच आली. आता बोजा मोटारीत गेला आहे, मांडवात विजेचे दिवे व ध्वनिक्षेपक आले आहेत, आणि चमत्कारदृश्यांनी नटलेली ‘ट्रिकसीन’ची नाटके लोकप्रिय झाली आहेत. यात वाईट काही नाही. जुनी कला नव्या साधनांनी जगली तर आनंदच मानावा. परंतु या घाईत कात्री लागली आहे ती पूर्वरंगाला. प्रेक्षकांना आख्यान लवकर हवे असते. म्हणून पुष्कळ ठिकाणी गणपतीची आरती होते आणि थेट राजदरबार उभा राहतो. ब्रह्मदेव गेला, वेद गेले आणि त्यांच्याबरोबर वेदांचा चोरही गेला.

वरवर पाहता हे नुकसान अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. वास्तविक ते याहून मोठे आहे. आख्यानातला राजा हस्तिनापूरचा असतो. त्याचे राज्य, त्याचे युद्ध, त्याचा शोक हे सर्व दूरचे आणि भव्य असते. संकासूर त्या रात्रीचा आणि त्या गावचा असतो. तो गेला म्हणजे खेळ होतो, रंगतो, टाळ्याही मिळतात. पण त्यात गावाविषयी एक शब्द येत नाही. ज्याच्यावर हसावे असे गावात आता काही उरलेले नाही, असे तर कोणी म्हणणार नाही.

काही जण म्हणतात, चित्रफिती करून ठेवाव्यात म्हणजे पात्र टिकेल. चित्रफितीत पोशाख टिकेल, नाच टिकेल, काठीची फेक टिकेल. गतवर्षीचा खड्डा मात्र यंदा हसवीत नाही. उभ्या उभ्या उत्तर देण्याची विद्या फितीत साठत नाही. ती एका नटाकडून दुसऱ्या नटाकडे, प्रत्यक्ष मांडवात, नाईकाच्या प्रश्नाला चुकत-माकत उत्तरे देतच जाते. ज्या तरुण नटाला हे पात्र कधी उभेच करावे लागले नाही त्याला ती कोठून यावी?

उपाय अवघड नाही, आणि तो मंडळ्यांपेक्षा गावांच्या हाती अधिक आहे. जत्रेचा खेळ ठरविताना देवस्थानच्या समितीने आख्यानाचे नाव विचारावे, त्याबरोबरच पूर्वरंग पुरा होणार की नाही हेही विचारावे. अर्धा तास उशीर झाला तर पहाट काही चुकत नाही. पुढच्या रांगेतील प्रतिष्ठित मंडळींनी आपल्यावर झालेला विनोद पूर्वीप्रमाणेच हसून घ्यावा. आणि मुलांना त्या वेळेपर्यंत जागे राहू द्यावे. काळ्या बुरख्याला आधी भिऊन मग हसलेले मूल पुढच्या वर्षी पुन्हा पुढे येऊन बसते. आजवर संकासूर जगला तो अशाच मुलांच्या भरवशावर.